पावण्याचे हेडवाले नाना

माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखन त्याहून वाईट आहे. चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा लांब होती आणि घरात धाकटी भावंडं सांभाळायची होती. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते मी अंदाजाने लिहिते. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी लिहिताना लाज वाटते. चुकलं असेल त्याची माफी असावी.

परवा कामावरून येताना नानांच्या गाळ्यासमोरून आले. शटरला निळा रंग दिलाय. आत आता पुठ्ठ्याची खोकी बनवतात. दोन मिनिटं तिथे उभी राहिले. घासलेटचा वास येईल असं वाटलं होतं, पण डिंकाचा आला. नाना गेल्यावर कुणी त्यांच्याबद्दल काही बोललं नाही, पेपरात फोटोही आला नाही. गाळ्यात सात वर्षं मी त्यांच्यासमोर बसून काम केलं. माझ्याशिवाय कोण लिहिणार, असं वाटलं म्हणून बसले.

नानांचं नाव हिराजी. दिवाळे गावचे, जातीने कोळी. तरुणपणी बेलापूरच्या खाडीतल्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. होडीच्या पोटात गुडघे दुमडून बसायचं आणि हातभर अंधारात काम करायचं. पुढे गुडघेच गेले, म्हणून पावण्याच्या कारखान्यांमध्ये एक छोटा गाळा घेतला. तिथे ते फक्त हेडचं काम करत. हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसतो तो भाग. त्यातूनच पेट्रोल आणि हवा आत जाते आणि धूर बाहेर पडतो. हेड बरं असेल तर इंजिनाचा श्वास मोकळा, असं नाना म्हणायचे.

त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे जुन्या मोटारसायकलींचं वेड असलेली पोरं. त्यांची वर्षातून एकदा स्पर्धा असे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं इंजिन घ्यायचं, ते नव्याने बांधायचं, आणि मशीनवर चढवून कुणाचं जास्त ताकद देतं ते बघायचं. नवं हेड चालायचं नाही, त्या काळातलंच लागायचं. ते शोधायचं नानांनी आणि आतून घासून, वाटा रुंद करून, त्या उघडणारे-मिटणारे व्हॉल्व बसवून द्यायचं तेही नानांनी.

मी तिथे गेले ती नवऱ्याची कंबर धरली तेव्हा. ते वाशीच्या मार्केटात गोणी उचलायचे. एक दिवस उचलली आणि तिथेच बसले. शेजारणीने सांगितलं की पावण्यात एका म्हाताऱ्याला पार्ट धुवायला बाई पाहिजे. मी दारात उभी राहिले. मला कुणाशी चटकन बोलता येत नाही. नानांनी चष्म्यावरून बघितलं.

"कुठची गो तू?"

"साताऱ्याकडची."

"ताक घुसळतेस?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्या हातात एक काठी दिली. तिच्या टोकाला रबराची वाटी होती, वाटीला व्हॉल्व चिकटवलेला. हेडमध्ये घासायची खरखरीत पेस्ट लावली आणि म्हणाले, "रवी फिरवतात तशी दोन तळव्यांत फिरव. दाबू नको. दाबलंस तर लोनी नाय, चरा पडेल."

मी फिरवली. ते आपल्या कामाला लागले. चहा आला तेव्हा त्यांनी व्हॉल्व काढून उजेडात धरला. कडेला राखाडी रंगाचं एकसारखं कडं उमटलं होतं. "उद्यापास्ना ये," म्हणाले. पगार किती ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. महिना भरल्यावर त्यांनी दिला तो मला वाटला होता त्यापेक्षा जास्त होता.

नाना कमी बोलायचे, पण काही गोष्टी रोज बोलायचे. त्यातली एक म्हणजे मीठ. होड्यांच्या इंजिनाला खारं पाणी लागतं आणि जिथे खाच, उंचवटा, खरखरीत जागा असेल तिथे मीठ धरतं. मग अल्युमिनियम पिठासारखं भुसभुशीत होतं. नानांनी अशी कितीतरी इंजिनं मेलेली बघितली होती. म्हणून हेड कुणाचंही असो, ते बाहेरून कानशीने घासून, मग पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करायचे. "मिठाला बसाला जागा ठेवाची नाय," हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकायची. एकदा मी धीर करून म्हटलं, "नाना, ही तर रस्त्यावरची गाडी. हिला कुठलं मीठ?"

"हवा कुठची हाय? खाडीचीच ना?" ते म्हणाले.

हेड शोधायला ते भंगारवाल्यांकडे जायचे. सगळीकडे नाही, तुर्भ्याच्या एका चाचाकडे जास्त. पिशव्या धरायला मला न्यायचे. तिथे अल्युमिनियम वजनावर विकलं जातं आणि वितळायला भट्टीत जातं. त्या ढिगात कधीतरी एखादं जुनं हेड असे. नानांचा नियम असा की पाहिजे ती वस्तू बघायचीसुद्धा नाही, बघितलं की भाव चढतो. ते आधी पंख्याची पाती उचलायचे, किसणी बघायचे, कुकरचं झाकण फिरवून बघायचे. मग जाता जाता हेडला पाय लागल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "हा पन टाक त्यात." बाहेर आल्यावर हेड दोरीला टांगून कोयत्याच्या लाकडी मुठीने ठोकायचे. घंटेसारखं वाजलं तर चांगलं, मडक्यासारखं वाजलं तर आत चीर आहे.

या हुशारीपायी आमच्या गाळ्यात सात पंखे, चार किसण्या आणि एक खिमा करायचं यंत्र जमलं होतं. एकदा चाचा वजन करता करता म्हणाला, "नाना, आज तुमने दो पंखे लिये."

"मंग?"

"एक पंखा लेते हो तो हेड मामूली रहता है. दो पंखे, मतलब माल भारी है. आज किलो का भाव नहीं चलेगा."

मी तोंडाला पदर लावला. नाना गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हसतेस काय? पंखे उचल." परत येताना रिक्षात पंखे मांडीवर घेऊन बसले. मग स्वतःशीच म्हणाले, "इतकी वर्सं त्याला ठावं व्हतं." आणि मग त्यांनाही हसू आलं.

जनाकाकी, म्हणजे नानांची बायको, दिवाळ्याच्या धक्क्यावर मासळी विकायची. कधी कधी मासळी संपली की डबा घेऊन गाळ्यावर यायची. टोपलीसुद्धा दारातच ठेवायची, आत यायची नाही. म्हणायची, तेलावर पाय घसरतो. तिला नानांचा धंदा पटायचा नाही. "मी पन मुंड्या विकतंय, हा पन मुंड्या विकतंय," ती मला सांगायची. "माज्या मुंडीचा कालवन तरी होतो. याच्या मुंडीचा काय होतो, विचार जरा."

"तुजी मुंडी दोन दिसात वास मारतंय," नाना आतून म्हणायचे. "माजी साठ वर्सं टिकलीय."

"म्हनून तर कोन खात नाय."

असं चालायचं. डबा मात्र दोघांचा असायचा, माझाही.

आता निखिलचं सांगते. निखिल वाशीला सेक्टरात राहणारा, इंजिनिअर. त्याचे चार मित्र मिळून स्पर्धेत उतरायचे. पोरगा चांगला. गाळ्यात आला की आधी माझ्याशी बोलायचा, "काय ताई, नवऱ्याची कंबर कशी आहे?" मी खाली बघून बरी आहे म्हणायची. त्यांना एका जुन्या परदेशी गाडीचं हेड पाहिजे होतं. ते मिळत नव्हतं. तीन वर्षं नाना त्याच्या मागे होते. मिळालं ते चाचाकडेच, कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याच्या मालात. त्या दिवशी नानांनी एकही पंखा घेतला नाही. सरळ जाऊन हेड उचललं आणि म्हणाले, "चाचा, बोल." चाचाने नानांकडे बघितलं आणि तोंडाला येईल तो आकडा सांगितला. नानांनी घासाघीस केली नाही. दोरीला टांगून ठोकलं तेव्हा ते असं वाजलं की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला.

निखिलच्या ग्रुपने हेड आणि काम मिळून सत्तर हजार दिले. त्यातले निम्म्याहून जास्त चाचाला गेले. देताना निखिल म्हणाला, "नाना, आतून काय पाहिजे ते करा. फक्त ओरिजिनल राहिलं पाहिजे. तो रूल आहे."

"ओरिजिनलच हाय," नाना म्हणाले. "यातला एक तुकडा पन बदलनार नाय."

पावसाळाभर ते त्या हेडवर बसले होते. मी त्यांना असं काम करताना पूर्वी बघितलं नव्हतं. आतल्या वाटा ते बोटाने तपासायचे, डोळे मिटून. मी व्हॉल्व घासले, हेड उलटं करून त्यात घासलेट ओतलं, एक थेंब गळला नाही. शेवटी त्यांनी ते बाहेरून घासायला काढलं. एका अंगाला धातूचे उंच अक्षर-आकडे होते, ओतकामातच आलेले, जुन्या घराच्या दारावर असतात तसे. त्यांच्या खाचांत काळं धरलं होतं. आधीच्या हेडांवर ते आतल्या फटीत असायचे, तिथे कानस पोचत नसे; इथे पोचत होती. नानांनी कानस घेतली आणि ते आकडे उतरवले. मग पेपर मारला. संध्याकाळपर्यंत ती जागा आरशासारखी झाली. मी फडक्याने पुसलं. आम्ही दोघंही खूश होतो.

स्पर्धेच्या दिवशी निखिलने आम्हालाही नेलं. वाशीलाच मोठा मांडव होता. जनाकाकीने नानांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. परीक्षक दोघं होते. ते प्रत्येक इंजिन चालवायच्या आधी टॉर्च मारून हेडचा नंबर वाचायचे आणि कागदावर लिहायचे. आमच्या हेडभोवती टॉर्च फिरली. परत फिरली. मग एकाने विचारलं, "नंबर कुठाय?"

नाना पुढे झाले. "हिकडं व्हता," म्हणाले आणि बोट ठेवलं. "काढला मी. मीठ धरतंय त्यात."

परीक्षकाने टॉर्च बंद केली. तो आकडा म्हणजेच हेड त्या काळातलं असल्याची खूण होती. तो नसेल तर हेड कुठलं, कधीचं, हे सिद्ध होत नाही. इंजिन चालवूसुद्धा दिलं नाही. निखिल बराच वेळ परीक्षकांशी इंग्रजीत बोलत होता, आधी हात हलवून, मग हात न हलवता. नाना त्या गुळगुळीत जागेवर बोट ठेवून तसेच उभे होते. त्यांच्या ध्यानात आलं होतं की काय झालं. ग्रुपमधला एक मुलगा मागे वळून दुसऱ्याला म्हणाला, "म्हाताऱ्याने भंगार करून टाकलं यार." हळू म्हणाला, पण आम्ही जवळच होतो.

परत येताना निखिल म्हणाला, "नाना, चूक आमचीपण आहे. मी नीट सांगायला पाहिजे होतं."

"तू सांगितलंस," नाना म्हणाले. "ओरिजिनल म्हनजे काय ते मना वाटलं, मना ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी गाळ्यात आल्यावर त्यांनी कानस फळीवर ठेवली ती मग क्वचितच काढली. मला म्हणाले, "सत्तर हजार परत द्याचे."

मी म्हटलं, "निखिलने मागितले नाहीत."

"म्हनून तर द्याचे."

जनाकाकीला कळलं तेव्हा ती पहिल्यांदा गाळ्याच्या आत आली. "निम्मे तर त्या भंगारवाल्यानं खाल्ले," ती म्हणाली. "ते कोन परत देनार? तो देनार?"

"त्याचा काय संबंध? त्यानं हेड दिला. बिघडवला मी."

"येडा हायस तू."

"हाय."

ती पदर खोचत दाराकडे वळली. मग म्हणाली, "तुजा हेड, तुजा देना. मी एक पैसा देनार नाय. जेवन तेवढा माजा." आणि निघून गेली.

नानांनी पुन्हा होड्यांची कामं घेतली. गुडघे गेल्यापासून ते होडीत उतरले नव्हते. आता गाळा बंद केला की दिवाळ्याला जाऊन होडीच्या पोटात शिरायचे. मला एकदा धक्क्यावर काकीकडे जायचं होतं तेव्हा दिसले. दोन पोरांनी बगलेत धरून त्यांना होडीतून वर काढलं. वर आल्यावर ते ताबडतोब उभे राहिले नाहीत, जाळ्यांच्या ढिगावर बसून राहिले. मी बघते आहे हे त्यांना कळलं. "वय झालं गो," म्हणाले, जणू आजच झालंय. माझा पगार त्यांनी त्या काळात एकदाही उशिरा दिला नाही. मी म्हटलं, थोडा मागे ठेवा. तर म्हणाले, "एक देना फेडताना दुसरा करू?"

थकवा मलाही होता. घरी नवऱ्याचं उठणं-बसणं, इथे घासलेटमध्ये हात. काम कमी होत चाललं होतं. आकडा काढला ही गोष्ट त्या पोरांच्या जगात पसरली. कुणी वाईट बोललं असं नाही, पण येणं कमी झालं. आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. मी फिरवायची, ते बघायचे. दुपारी ते बसल्या जागी डुलकी घ्यायचे आणि जाग आली की विचारायचे, "कोन आला व्हता?" मी नाही म्हणायची.

पैसे साठले की ते निखिलला द्यायला वाशीला जायचे. निखिल दर वेळी म्हणायचा, "नाना, निदान फोनवरून पाठवा, एवढ्या लांब कशाला येता." तर म्हणायचे, हातातले घेतले, हातात देईन. निखिलने ते हेड आपल्या स्वतःच्या गाडीला बसवलं होतं, रोज ऑफिसला न्यायचा, तेही त्याने आनंदाने सांगितलं. "चालतंय ना? मंग चालू दे," एवढंच नाना बोलले.

दोन पावसाळे गेले. एक दिवस नाना म्हणाले, "आज शेवटचा हाय. तू चल. देताना कोनतरी तिसरा पाहिजे." त्यांच्याकडे तशी रीत होती. देणं संपताना तिसऱ्या माणसासमोर संपवायचं. कोपरखैरण्याहून येणारी बस पकडून आम्ही गेलो. बसमध्ये त्यांनी पाकीट शर्टाच्या आत, बनियनला लावलेल्या पिनेत अडकवलं होतं, आणि त्यावर हात.

निखिलच्या आईने दार उघडलं. तोपर्यंत मला माहीत नव्हतं, ते तिनेच मला आत नेऊन हळू आवाजात सांगितलं. इतक्या वेळा आले, पण नाना कधी बसले नाहीत. दारात उभं राहून द्यायचे आणि जायचे. पाणी दिलं तरी नको म्हणायचे. ज्याचं देणं आहे त्याच्या घरचं पाणी घशाखाली जात नाही, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. "मी दर वेळी वाट बघते," ती म्हणाली, "की हे कधी एकदा बसतील."

त्या दिवशीही ते उभेच होते. पिन काढली, पाकीट निखिलच्या हातात दिलं. "मोज," म्हणाले.

"नाना, कशाला मोजायचे?"

"मोज. ती हाय ना बघाला."

निखिल टेबलाशी गेला. नोटा लहान होत्या, मासळीबाजारातल्या, काही ओलसर होऊन वाळलेल्या. त्याला वेळ लागत होता. नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सोफ्याकडे बघितलं. मग चपला दाराबाहेर काढून आत आले आणि बसले. हळूहळू मागे टेकले. निखिलची आई चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी कप घेतला, अर्धा प्याले, आणि बशी मांडीवर ठेवली. पुढच्या वेळी मी बघितलं तर त्यांची मान एका बाजूला झुकली होती. आईने हलकेच कप काढून घेतला. त्यांना कळलं नाही. त्यांचे पाय जमिनीवर सरळ होते, गुडघ्यांवर दोन्ही हात पालथे, नखांत काळं. एवढे शांत झोपलेले ते मला कधी दिसले नव्हते. गाळ्यात डुलकी घेताना त्यांचे ओठ हलत असत. आता हलत नव्हते.

मला निघायला हवं होतं, घरी नवरा एकटा होता. निखिल म्हणाला, "तुम्ही जा ताई, मी त्यांना गाडीने दिवाळ्याला सोडतो." त्यानंतर नाना गाळ्यावर आले नाहीत. दोनच दिवसांनी घरी झोपेत गेले, मला निरोप मिळाला तोवर सगळं आटोपलं होतं, आणि मी त्यांना पुन्हा बघितलं नाही.

पण त्या दिवशी मी निघण्याआधी निखिलचं मोजून झालं. त्याने नोटांना रबर लावलं आणि नानांना हाक मारायला तोंड उघडलं. मग झोपलेलं बघून थांबला. माझ्याकडे वळला आणि आवाज न करता म्हणाला, "पूर्ण आहेत, ताई. सगळे फिटले."

"मी बघितलं," मी म्हटलं. "उठले की त्यांना सांगा."